टूलचं नाव ठेवलं आणि मग शोधत बसलो

माझं पहिलं टूल फार काही करायचं नाही, सीएसव्ही फाइली (साध्या मजकुरात ठेवलेले तक्ते) साफ करून डेटाबेसमध्ये टाकायचं बस. दोन गोष्टी जोडतंय म्हणून नाव ठेवलं ब्रिज. कोडला तीन महिने गेले आणि नावाला पाच मिनिटं, तेव्हा तेच बरोबर वाटत होतं, नावात कशाला वेळ घालवायचा असं.

मग एकाचा मेसेज आला की तुझं टूल वापरतोय, एरर येतेय, नेटवर काहीच सापडत नाही. म्हटलं असं कसं, त्या एररवर मी सविस्तर लिहून ठेवलंय. स्वतः सर्च मारला "ब्रिज एरर". आधी नेटवर्क ब्रिज, मग अॅडोबी ब्रिज, मग राउटर ब्रिज मोडवर कसा टाकायचा, पुढे तर पत्त्यांचा ब्रिजपण आला. चौथ्या पानावर मी नाद सोडला. म्हणजे उत्तर होतं, ते पाहिजे असलेला माणूस होता, आणि दोघांची गाठच पडत नव्हती.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला तो हा, की नाव ठरवताना आपण नाव एकटंच सर्च करून बघतो आणि त्या नावाचं दुसरं सॉफ्टवेअर दिसलं नाही की खूश होतो. पण नाव एकटं शोधतो कोण? लोक शोधतात नाव आणि एरर, नाव आणि इन्स्टॉल, नाव आणि विंडोज, तेसुद्धा काम अडलेलं असताना, वैतागून. म्हणून तुम्हीपण तसंच शोधून बघा, नावापुढे असे चार-पाच शब्द लावून. पहिल्या पानावर आधीच दुसऱ्या कोणाची गर्दी असेल तर ते नाव कितीही गोड असो, सोडा.

यावर हमखास उत्तर येतं की मग गो ही प्रोग्रामिंगची भाषा कशी चालली? चालली, पण बघा ना कशी. २००९ मध्ये खुद्द गूगलने भाषा आणली आणि तिला सर्चमध्ये सापडायला सगळ्यात अवघड असलेलं नाव दिलं. त्यात पुढे उद्गारचिन्ह असलेली "गो!" नावाची भाषा आधीपासून होती, तिच्या कर्त्याने तक्रारही नोंदवली होती. साइटचा पत्ता सुरुवातीला गोलँग होता आणि लोक तोच शब्द सर्चला वापरायला लागले, टीम अजून सांगते की भाषेचं नाव गोच आहे. प्रोसेसिंग या चित्रं काढायच्या प्रोग्रामिंग भाषेचंही तसंच, डोमेन मिळालं नाही म्हणून सुरुवातीला दोन एसच्या जागी दोन पाच घालून पत्ता केला होता. रस्ट ही पण प्रोग्रामिंगची भाषा, तिच्या प्रोग्रामर लोकांच्या रेडिटवर रस्ट नावाच्या गेमवाले चुकून येऊन प्रश्न टाकतात, तो तर आता चेष्टेचाच विषय झालाय. थोडक्यात मोठ्यांना लोक टोपणनाव शोधून देतात, आपल्या टूलसाठी एवढी मेहनत कोण घेणार?

चिन्हांच्या वाटेला तर जाऊच नका. सी प्लस प्लस, सी शार्प, डॉट नेट यांना सर्च इंजिनं आता ओळखतात कारण ती प्रचंड वापरली जातात, नवीन नावातलं चिन्ह बऱ्याचदा सरळ गाळलं जातं.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. नाव सगळीकडे एकच पाहिजे. रेपोचं (जिथे कोड ठेवतो ती जागा), इन्स्टॉल करायच्या पॅकेजचं, टर्मिनलमधल्या कमांडचं, कोडमध्ये इम्पोर्ट करताना लिहायचं, सगळं एक. पायथॉन ही भाषा शिकताना आपण सगळेच यात अडकलोय, त्यातल्या तयार लायब्ररींचं असं, की इन्स्टॉल करायचं सायकिट-लर्न आणि इम्पोर्ट करायचं एसकेलर्न, इन्स्टॉल पिलो आणि इम्पोर्ट पीआयएल. पिलोला निदान जुन्या पीआयएलची जागा घ्यायची होती, म्हणजे कारण तरी आहे. पण नवीन माणूस एररमधलं नाव कॉपी करून इन्स्टॉल करायला जातो आणि भलतंच काहीतरी मिळतं. माझी कमांड होती बीआरजी, इंग्रजीतली तीन अक्षरं वाचली म्हणून, काय मिळवलं देव जाणे.

नाव बदलायला लाजू नका, फक्त लवकर बदला. फायरफॉक्स ब्राउझर आधी फिनिक्स होता, मग २००३ मध्ये ट्रेडमार्कच्या भानगडीत फायरबर्ड झाला, त्या नावाचा डेटाबेस निघाला म्हणून २००४ मध्ये परत बदल. नेटवर्कवरचा डेटा तपासायचं वायरशार्क २००६ पर्यंत इथिरियल होतं, मूळ कर्त्याने नोकरी बदलली आणि नावाचा ट्रेडमार्क जुन्या कंपनीकडे राहिला. सर्चसाठी बदललं नव्हतं, पण इथिरियल हे डिक्शनरीतलं विशेषण, आणि वायरशार्क शोधलं की वायरशार्कच येतं. दोन साधे शब्द चिकटवायची ही युक्ती मला आवडते, ऐकून लिहितापण येतं. फोटोंच्या फ्लिकर साइटसारखं मधलं अक्षर खाल्लेलं नाव सापडतं चांगलं पण फोनवर सांगताना प्रत्येक वेळी स्पेलिंग सांगत बसा.

मी शेवटी नाव ठेवलं रकाना. रोमनमध्ये लिहिताना कोणी एक ए टाकतं, कोणी दोन, म्हणून रीडमीमध्ये (टूलसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) सगळी स्पेलिंगं एका ओळीत लिहून ठेवली. जुनं पॅकेज काढलं नाही, ते चालवलं की नवीन नाव सांगतं.

आणि अजून एक केलं, याचा फायदा नावापेक्षा जास्त झाला असं माझं मत आहे. प्रत्येक एरर मेसेजमध्ये टूलचं नाव आणि नंबर टाकला. ओरॅकल डेटाबेसवाले हे कधीपासून करतात, ओआरए-००९४२ असं सर्च केलं की टेबल किंवा व्ह्यू सापडत नाहीये हे लगेच कळतं, रस्टचा कंपायलरपण ई०३८२ असे नंबर देतो. माणूस एरर जशीच्या तशी कॉपी करून सर्चमध्ये टाकतो, त्याला टूलचं नाव आठवायचीपण गरज नाही. परवा मलाच ऑफिसच्या मशीनवर रकाना-०१४ आली, सर्च केली, पहिल्याच रिझल्टमध्ये उत्तर, वाचून म्हटलं कोणीतरी छान समजावून सांगितलंय, खाली बघतो तर मीच लिहिलेलं.