आमवात, पहाटेचे आखडलेले सांधे आणि मेंदू : रोज काय लिहून ठेवायचं

आमवात म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस असलेल्या बाईला घरात दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात, "अकरा वाजले की बरी असतेस की" आणि "उगाच मनाला लावून घेतेस". दोन्हींचं उत्तर मेंदू आणि सुजेच्या केमिकल्समधे आहे.

आधी सकाळचं बघू. मेंदूच्या ऑर्डरवर शरीर कॉर्टिसॉल बनवतं, हे आपलं घरचं स्टिरॉइड, ते मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी असतं आणि पहाटे वाढतं, पण सूज वाढवणारं आयएल-६ पण पहाटेच चढतं आणि या आजारात कॉर्टिसॉल त्याला पुरं पडत नाही. म्हणून सहाला कुकरचं झाकण लागत नाही आणि अकराला तीच बाई भाकरी थापते. नाटक नाहीये ते! तर उठल्यावर पूर्ण मूठ वळायला किती वेळ लागला ते घड्याळ बघून लिहायचं, "बराच वेळ" सांगून डॉक्टरला काही कळत नाही, "सव्वा तास" म्हटलं की कळतं. हात कोमट पाण्यात धरून मुठी उघडझाप करा, पिळायची-घासायची कामं उशिरा ठेवा. स्टिरॉइडची गोळी चालू असेल तर ती मनाने अचानक बंद करू नका, बाहेरून आयतं मिळत असलं की मेंदू कॉर्टिसॉलची ऑर्डरच देत नाही, मग एकदम दोन्हीकडून बोंब.

आता थकवा आणि मूड. टीएनएफ, आयएल-६ ही सुजेची केमिकल्स मेंदूपर्यंत निरोप पोचवतात, आणि ज्या ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन बनतं ते सूज असताना दुसऱ्याच वाटेला जातं. २०११ मधे जर्मनीत काही पेशंटना टीएनएफ अडवणारं इंजेक्शन देऊन स्कॅन केले, तर २४ तासांत मेंदूतली दुखण्याची हालचाल कमी झालेली, सांध्यांची सूज मात्र अजून तशीच. म्हणून वहीत दुखणं, थकवा, झोप आणि मूड यांना वेगवेगळे ० ते १० मार्क द्या, एकात एक मिसळू नका. सीआरपी (रक्तातून सूज कळते ती तपासणी) नॉर्मल, सूज नाही, तरी अंग ठणकतंय असं दिसलं तर वही पुढे करून स्पष्ट विचारा की हे नसांचं (मज्जातंतूंचं) दुखणं आहे का. मग कधी डुलोक्सेटिनसारखी गोळी देतात, ती डिप्रेशनची पण आहे, त्यावरून घरच्यांनी वेड्यात काढायचं कारण नाही.

अर्धांगवायूत लुळ्या पडलेल्या बाजूचे सांधे कमी सुजतात हे डॉक्टरांनी फार आधीच बघितलंय, म्हणजे नसांचा हात यात आहेच. २०१६ मधे मानेतल्या व्हेगस नसेला बारीक करंट देऊन टीएनएफ कमी झाल्याचं छापून आलं, २०२५ मधे अमेरिकेत तसलं यंत्र मंजूर पण झालं. यावरून व्हॉट्सॲपवर "अनुलोम-विलोमने आमवात पळवा" सुरू होणारच, प्राणायाम खुशाल करा, झोपेला चांगला, पण मेथोट्रेक्सेट ही आमवाताची गोळी सोडू नका. आणि ती आठवड्यातून एकदाच असते, वार ठरवून कॅलेंडरवर गोल करा, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं.