वाद्यवृंद विस्कटतोय? आधी स्वतःचा हात बघा: नव्या संचालकांनी या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात वादकांची वानवा नाही. लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट-ट्रम्पेट वाजवणारे आहेत, पलटणीच्या बँडातून निवृत्त होऊन इथंच घर केलेले आहेत, चर्चमध्ये स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) शिकलेले आहेत, कर्नाटकी पद्धतीनं व्हायोलिन शिकलेल्या मुली आहेत. गणेशोत्सव जवळ आला की कुणीतरी या सगळ्यांना एकत्र बसवतं आणि ज्याला बऱ्यापैकी नोटेशन वाचता येतं त्याच्या हातात छडी देतं; तोच संचालक, म्हणजे कंडक्टर. दोन-चार तालमींत सगळं विस्कटलं की खापर वादकांवर फुटतं. संचालक स्वतः एकही स्वर काढत नाही, त्यामुळे त्याची चूक कायम दुसऱ्याच्या वाद्यातून ऐकू येते. म्हणून खालच्या प्रत्येक तक्रारीत मी आधी उभ्या माणसाकडे बघतो, मग बसलेल्यांकडे.

सगळे एकदम सुरू होत नाहीत

सर्वांत जास्त आढळणारी ही तक्रार. बहुतेक वेळा कारण एकच: पहिल्या मात्रेआधीचा इशारा लयीत नसतो. छडी वर जाते त्या एका हालचालीतून वादकाला तीन गोष्टी कळायला हव्यात: लय किती, आवाज किती, वाजवायचं टोकदार की सलग. फुंकवाद्यवाला त्याच क्षणी श्वास घेतो. संचालकानं हात आरामात वर नेला आणि झटकन खाली आणला, तर निम्मे लोक वर जाण्याची लय धरतात, निम्मे खाली येण्याची. उपाय साधा आहे. हात वर नेताना स्वतः श्वास घ्या, पुढच्या मात्रा ज्या लयीत पडणार त्याच लयीत.

बीथोवनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात सगळ्यांना तोंडपाठ असते, म्हणून हौशी मंडळी तीच आधी धरतात. ती मात्र फार अवघड आहे. पहिल्या मात्रेवर स्वर नाही, विश्रांती आहे. तीन छोटे स्वर त्या रिकाम्या जागेनंतर येतात आणि चौथा लांबतो. हात खाली आला की नवखा वादक वाजवूनच मोकळा होतो. रिकामा इशारा एक देणार की दोन, हे पहिल्याच तालमीत सांगून टाका आणि कार्यक्रमाच्या दिवशी ते बदलू नका. १८०८ च्या डिसेंबरात व्हिएन्नात ही सिंफनी पहिल्यांदा वाजली तेव्हा तालमी अपुऱ्या होत्या आणि सभागृहात कडाक्याची थंडी होती, त्यामुळे धास्ती घ्यायचं कारण नाही.

सूर लागत नाही

इथं जरा थांबायला हवं, कारण आपल्याकडच्या मिश्र वाद्यवृंदात खरी गोची याच जागी आहे.

पहिली गोष्ट, लिहिलेला स्वर आणि वाजणारा स्वर. बँडातला क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट साधारणपणे बी-फ्लॅटचे. त्यांच्यासमोर सी (पेटीची पांढरी एक) लिहिला तर वाजते काळी पाच (पाचवी काळी पट्टी), म्हणजे पूर्ण एक स्वर खाली. आल्टो सॅक्सोफोन ई-फ्लॅटचा, तो आणखी खाली जातो. मूळ कागदाची झेरॉक्स सगळ्यांना वाटणाऱ्या संचालकाला पहिल्याच ओळीला जो कालवा ऐकू येतो तो यातून. या वाद्यांचे कागद वेगळे लिहून द्यावेच लागतात. बी-फ्लॅटसाठी एक स्वर वर. तालमीत बोलताना मात्र सगळ्यांसाठी पेटीची भाषा वापरा. ‘पांढरी चार धरा’ म्हटलं की प्रत्येक जण आपल्या वाद्यावर ती जागा शोधतो, वाद निघत नाही.

दुसरी, व्हायोलिनच्या तारा. आपल्याकडे शिकलेले वादक तारा सा-प-सा-प अशा लावतात, पाश्चात्त्य कागद जी-डी-ए-ई धरून लिहिलेला असतो. बोटं कागदाप्रमाणे पडली तरी सूर भलताच निघतो, आणि बिचारी मुलगी समजते की आपलाच रियाज कमी पडला. आधी विचारून घ्या. त्यातून ती जमिनीवर बसून, व्हायोलिनचं टोक पावलाशी टेकवून वाजवणारी असेल, तर पुढच्या खुर्च्यांमागून तिला तुमचा हात दिसणारच नाही. अशा वादकांना पुढं चौथऱ्यावर बसवा. खुर्चीवर बसायची सक्ती केली तर हाताची सगळी घडण मोडते.

तिसरी, हवा. पितळी वाद्य गार असताना खाली बोलतं आणि फुंकून तापलं की वर चढतं; दहा अंश सेल्सिअसच्या फरकाला सुमारे अर्ध्या स्वराचा तिसरा हिस्सा. तारा तापल्या की उलट उतरतात. पेटी आणि कीबोर्ड तिथल्या तिथं. गणपतीच्या दिवसांत बेळगावची भिजकी, गार हवा आणि स्टेजवरचे तापलेले दिवे यांत सगळी वाद्यं चार दिशांना जातात. खोलीत सूर मिळवून स्टेजवर जाऊ नका. स्टेजवर थोडं वाजवून घ्या, मग पेटीची पांढरी सहा धरून पुन्हा मिळवा. तबलजीला शेवटी आणखी एक मिनिट द्या, ओल्या हवेत त्याची पुडी (तबल्याचं कातडं) उतरलेली असते.

लय ओढली जाते

मागचे वादक उशिरा येतात असं वाटलं की संचालक हात मोठा करतो. मोठ्या हाताला प्रवास जास्त, त्यामुळे लय आणखी पडते, आणि तासाभरात खांदा भरून येतो. हात लहान करा, छडीचं टोक स्पष्ट ठेवा. (फ्रान्सच्या राजदरबारातला संगीतकार ल्यूली लांब काठी जमिनीवर आपटून ताल देत असे. ती पायावर बसली, जखम चिघळली आणि १६८७ मध्ये तो गेला. छडी हलकी झाली हे बरंच झालं.)

मैदानातल्या रुंद स्टेजवर दुसरंच कारण असतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सतरा मीटरवरचा ड्रम पुढच्या रांगेला सेकंदाच्या विसाव्या भागानं उशिरा ऐकू येतो, आणि मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत हा ठोक्याचा दहावा हिस्सा झाला. कानानं जुळवायला गेलं की प्रत्येक रांग मागं सरकते. अशा जागी वादकांना डोळ्यांनी वाजवायला सांगा आणि ड्रम जवळ आणा.

नाट्यपद बसवताना आणखी एक फट राहते. झपताल दहा मात्रांचा आहे म्हणून दहा सारखे ठोके देत बसलात तर तबलजीला विभाग दिसत नाहीत. दोन-तीन-दोन-तीन असे चार असमान ठोके द्या. रूपकात तीन-दोन-दोन. त्यातही रूपकाची सम ‘खाली’च्या मात्रेवर, म्हणजे टाळी न देता मोकळ्या हातानं दाखवायच्या मात्रेवर असते. तिथं सवयीनं जोरकस हात आपटला की पितळी वाद्यं ठणाणा करतात आणि गाण्याचा तोल जातो. तो पहिला ठोका मऊ द्या, वजन चौथ्या मात्रेवर येऊ द्या.

तालीम होते, सुधारणा होत नाही

कारण संचालक बोलतो फार. उद्यमबागेतल्या कारखान्यातली पाळी संपवून आलेला माणूस भाषण ऐकायला येत नाही, आणि खानापूरच्या वादकाचं निम्मं लक्ष शेवटच्या बसकडे असतं. थांबवलं की तीनच गोष्टी सांगा: कुणी, कुठून, काय. मग सगळ्यांची जागा सापडेपर्यंत हात खाली ठेवा. ‘मास्तर, कुठनं धरायचं?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येत असेल तर तुम्ही घाई करताय. कागदावर दर काही ओळींनी मोठे आकडे टाका. गटात कानडी बोलणारे असतील तर तिथला आकडा दोन्ही भाषांत म्हणा, अर्धी तालीम वाचते.

प्रत्येक चुकीला थांबवू नका. वादकाला ती बहुधा कळलेली असते, पुढच्या फेरीत तो स्वतः दुरुस्त करतो. तीच चूक पुन्हा आली तर थांबवा.

आणि मोबाईलवर पाहून डोळे मिटून संचालन करायला जाऊ नका. ऑस्ट्रियाचा नामवंत संचालक कारायान डोळे मिटून उभा राहायचा, पण त्याच्यासमोर बर्लिन फिलहार्मोनिक ही वाद्यवृंदमंडळी होती आणि तीस वर्षांहून अधिक काळ ती त्याच्याच हाताखाली होती. आपल्या ट्रम्पेटवाल्याला पंचवीस मोकळ्या ओळी मोजून आत यायचंय. त्याला तुमची नजर हवी, एक ओळ आधी. हे जमायचं तर तुमचं डोकं कागदातून वर आलेलं हवं, म्हणजे कागद घरी पाठ व्हायला हवा.

किरकोळ वाटणाऱ्या दोन गोष्टी. मंडपात पंखा आणि वारा असतोच, प्रत्येक स्टँडला कपडे वाळवायचे दोन चिमटे लावा. आणि वीज गेली तर दिसेल असा बॅटरीचा दिवा आधी तुमच्या हातावर पडू द्या, मग वादकांच्या कागदावर. पाठ झालेल्या ओळी अंधारातही वाजतात, हात दिसला नाही तर त्या एकत्र वाजत नाहीत.