जुन्या स्थानिक वृत्तपत्रांचे डिजिटायझेशन: निवड करताना या चुका टाळा

डिजिटायझेशनसाठी पैसे मंजूर झाले की पुण्यातली पहिली बैठक बहुधा एकाच नावावर येऊन थांबते: केसरी. नाव मोठे, वर्ष जुने, देणगीदारालाही पटकन समजते. पण निवडीतली पहिली आणि सगळ्यात महाग चूक इथेच होते.

चूक पहिली: नावाचा दबदबा पाहून निवडणे

केसरी ४ जानेवारी १८८१ ला सुरू झाला. त्याच्या फायली अनेक ग्रंथालयांत आहेत आणि टिळकांचे अग्रलेख तर पुस्तकरूपाने केव्हाच आले. म्हणजे एखाद्या वाचनालयातली केसरीची फाइल उद्या नष्ट झाली तरी मजकूर वाचतो. त्याच कपाटात खालच्या खणात पडलेले, आठ-दहा वर्षे चालून बंद पडलेले एखाद्या पेठेतले साप्ताहिक मात्र तिथेच संपले तर कायमचे संपले. ते कोणी पुन्हा छापलेले नाही, त्याची कात्रणेही कोणी ठेवलेली नाहीत. पहिला हक्क या साप्ताहिकाचा आहे.

म्हणून प्रत्येक पत्रापुढे आधी एकच प्रश्न लिहा: याची दुसरी प्रत कुठे आहे? उत्तर बसल्या जागी मिळत नाही, शोधावे लागते. पुणे नगर वाचन मंदिर, पुणे मराठी ग्रंथालय, विश्रामबागवाड्यातले शासकीय ग्रंथालय, भारत इतिहास संशोधक मंडळ, गोखले इन्स्टिट्यूट, विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय एवढी ठिकाणे तरी पाहा. मुंबईत एशियाटिक सोसायटी आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, दिल्लीत तीन मूर्ती भवनातले ग्रंथालय. दिल्लीच्या या ग्रंथालयात अनेक जुन्या वृत्तपत्रांच्या मायक्रोफिल्म आहेत.

कुठे स्कॅन आधीच झालेले आढळले तर लगेच नाव खोडू नका. ते उघडून बघा. निव्वळ काळे-पांढरे, म्हणजे राखाडी छटा नसलेले स्कॅन असेल तर फिकट छपाई उडालेली असते आणि छायाचित्रांच्या जागी काळे डाग उरतात. असे स्कॅन झाले नाही असेच धरावे.

आपल्या यादीत कोणती पत्रे मुळात आलीच नाहीत, हेही तपासता येते. ब्रिटिश काळात मुंबई सरकार ‘रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स’ नावाचा साप्ताहिक अहवाल तयार करून घेई. त्यात इलाख्यातल्या पत्रांतले उतारे भाषांतरित असत आणि पत्रांच्या याद्याही असत: नाव, गाव, अंदाजे खप. पुण्याची नावे त्यातून काढून आपल्या यादीशी ताडून पाहा. अहवालात आहे पण कपाटात कुठेच नाही, अशा पत्राची चौकशी जुनी घराणी, बंद पडलेले छापखाने आणि तालमी-मंडळांच्या वाचनालयांत करावी लागते.

‘पुण्याचे पत्र’ म्हणजे काय, हे न ठरवता काम सुरू करणे

दीनबंधु कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केले. १८८० मध्ये ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे, मुंबईला गेले. कार्यालयाच्या पत्त्यावरून निवड केली तर सत्यशोधक चळवळीचे हे पत्र तीन वर्षांत तोडावे लागेल. निकष असा लिहा: पुण्यात सुरू झालेले, पुण्यात छापलेले किंवा प्रामुख्याने पुण्याच्या वाचकांसाठी काढलेले. तिन्हींतले एक पुरेसे, आणि पत्र घेतले की शेवटच्या अंकापर्यंत घ्यायचे.

भाषेचेही तसेच. केसरीबरोबरचा मराठा इंग्रजी होता. १८८८ मध्ये निघालेल्या आगरकरांच्या ‘सुधारक’ला इंग्रजी भाग होता आणि तो गोपाळ कृष्ण गोखले पाहत. ‘फक्त मराठी’ अशी अट घातली की एकाच अंकाची अर्धी पाने गळतात.

गाजलेले अंक तेवढे घेणे

टिळकांच्या निधनानंतरचे अंक, १५ ऑगस्ट १९४७, पानशेतच्या पुरानंतरचा आठवडा. प्रदर्शनाला हे ठीक आहे. जतनासाठी ही निवड चुकीची, कारण या दिवसांचे अंक लोकांनी घरोघरी जपलेले असतात. संशोधकाला हवा असतो तो मधला, कुणीच न जपलेला मंगळवार: धान्याचे भाव, नगरपालिकेच्या नोटिसा, प्लेगच्या काळातल्या औषधांच्या जाहिराती, नाटकांचे खेळ, हरवले-सापडले. धान्याचा भाव एका अंकात पाहून काही कळत नाही, सलग दहा वर्षांचा पाहिला की कळते. म्हणून सलग फाइल हे निवडीचे एकक धरा. वर्षातले निम्म्याहून जास्त अंक हाती असतील तर ते वर्ष घ्या. त्याहून कमी असतील तर आधी उरलेले अंक दुसरीकडे शोधा. मात्र एकुलती एक प्रत असेल तर पाच सुटे अंकही घ्यायचे.

जुने म्हणजे नाजूक, हा समज

ज्ञानप्रकाश १२ फेब्रुवारी १८४९ ला निघाला. त्या काळचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा, धागा लांब. तो पिवळा पडतो, पण बहुधा वाकतो. १८७०-८० नंतर लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद येत गेला. त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे आणि कारखान्यात घातलेल्या तुरटीमुळे आम्ल तयार होते, ते धागे तोडत राहते आणि कागद बिस्किटासारखा मोडतो. सगळ्यात वाईट अवस्था अनेकदा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या अंकांची असते. कागदावर नियंत्रण होते, मिळेल त्या कागदावर छापले जाई. त्यामुळे ‘आधी एकोणिसावे शतक, मग विसावे’ हा क्रम कागदावर शोभतो, कपाटात उलटा पडतो.

स्थिती ठरवायला प्रत्येक खंड, म्हणजे अंकांचा एकत्र बांधलेला गठ्ठा, तीन जागी उघडा: सुरुवात, मध्य, शेवट. पानाचा कोरा कोपरा, मजकुरापासून दूर, हलकेच एकदा पुढे आणि एकदा मागे दुमडा; ही एक घडी. अशा घड्या मोजत जा. चार-पाच घड्या सहन केल्या तर ठीक. दुसऱ्या घडीला तुटला तर हा खंड पुढच्या वर्षावर ढकलू नका. पहिल्याच घडीला तुटला तर पुढे हात लावू नका, आधी संवर्धकाला, म्हणजे जुना कागद दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवा. उन्हाळ्यात, एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी पुण्यातला कागद आणखी कडक होतो. नाजूक खंड तेव्हा उघडू नयेत आणि उघडताना पंखा बंद ठेवावा. उडालेला तुकडा नेमका मथळ्याचा किंवा तारखेचा निघतो.

१९६१ च्या पुरात पाणी शिरलेल्या पेठांतून आलेले गठ्ठे वेगळे ठेवा. पानांत गाळ आणि बुरशी असू शकते, ती इतर फायलींत पसरते. ते हाताळताना एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला. ओले किंवा बुरशी लागलेले पान स्कॅनरच्या काचेवर ठेवायचे नाही. डांबरगोळ्यांनी आम्ल थांबत नाही. प्लॅस्टिक लॅमिनेशन तर कधीच करू नये, ते काढता येत नाही.

शिवणीतला मजकूर

पाहणीत हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे बाइंडिंग. जुन्या वाचनालयांनी वर्षाचे अंक एकत्र करून कडेला घट्ट शिवलेले असतात, आणि शिवण्याआधी कडा कापून सारख्या केलेल्या असतात. आतला रकाना शिवणीत शिरतो. अशा खंडाला सपाट काचेचा स्कॅनर चालत नाही. व्ही आकाराची पाळणा-चौकट आणि वर दोन कॅमेरे लागतात, तरीही आतली तीन-चार अक्षरे जातात. पाहणीच्या तक्त्यात ‘आतला रकाना पूर्ण वाचता येतो: हो/नाही’ हा स्तंभ ठेवाच. ‘नाही’ आले तर दुसऱ्या ग्रंथालयात सैल बांधणीची प्रत आहे का पाहा. आपल्या मालकीची प्रत न निवडता शेजारच्या ग्रंथालयाची निवडावी लागली तरी चालेल, वाचकाला अक्षर दिसायला हवे. कणा कापून पाने सुटी करण्याचा सल्ला कंत्राटदार देतात, कारण त्यांचे काम तिप्पट वेगाने होते. एकुलत्या प्रतीबाबत तो कधीही मान्य करू नका.

तारखेचा घोळ

मथळ्यावर अनेकदा शके आणि तिथी मोठ्या अक्षरांत असते, इसवी सन बारीक किंवा फाटून गेलेला. यादी करणारा शकात ७८ मिळवतो आणि पुढे जातो. केसरीचा पहिला अंक पौष, शके १८०२ मधला. १८०२ अधिक ७८ म्हणजे १८८०. अंक मात्र जानेवारी १८८१ चा. पहिल्या जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे असतात. ही चूक केली तर दरवर्षीचे पहिले अडीच-तीन महिने मागच्या वर्षाच्या फाइलमध्ये जातात, एका वर्षात जानेवारी दोनदा दिसतो आणि दुसऱ्यात ‘अंक गहाळ’ अशी नोंद होते. मग नसलेले अंक शोधत लोक मुंबईला जातात.

वाराने खात्री करा. ४ जानेवारी १८८१ मंगळवार, २ जानेवारी १८८१ रविवार: केसरी मंगळवारी निघे, मराठा रविवारी. काढलेल्या तारखेचा वार पत्राच्या नेहमीच्या वाराशी जुळला नाही तर तारीख चुकली किंवा तो जादा अंक आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या अंकावर खिळे जुळवणाऱ्याच्या हातून मागच्या वर्षाचा आकडा राहून जाऊ शकतो, तोही वाराने पकडला जातो. छापलेली तारीख आणि खरी तारीख, दोन्ही नोंदवा. छापलेली दुरुस्त करू नका.

याच तक्त्यात प्रकाशनाचा क्रम बदललेला टिपा. ज्ञानप्रकाश १९०४ मध्ये दैनिक झाला. ही नोंद नसेल तर अपेक्षित अंकांचा हिशेब आणि पुढे खर्चही चुकतो. पुरवण्या आणि डाक आवृत्ती (बाहेरगावी जाणारी) वेगळ्या लिहा. एकाच तारखेचे दोन अंक दिसले की ‘जादा प्रत’ म्हणून एक बाजूला काढला जातो, आणि शहर आवृत्तीतल्या स्थानिक बातम्या त्यासोबत जातात. शेवटच्या पानावरची मुद्रक-प्रकाशकाची ओळ वाचा. १८६७ च्या कायद्याने ती बंधनकारक होती, आणि छापखाना केव्हा बदलला हे तिथेच कळते.

खंड मोजून खर्च काढणे

‘आमच्याकडे ४० खंड आहेत’ यावरून काहीही ठरत नाही. पाने मोजा. १७ बाय २२ इंचांचे पान ४०० पीपीआयला (दर इंचाला ४०० बिंदू) राखाडी छटेत स्कॅन केले तर न आकसलेली टिफ फाइल सुमारे ६० एमबी होते, रंगीत केली तर १८० एमबी. आठ पानी साप्ताहिकाची वर्षाला ४१६ पाने, म्हणजे राखाडीत २५ जीबी. दहा वर्षांचे २५० जीबी. आणि प्रती तीन हव्यात, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. रंगीत स्कॅन तेव्हाच घ्या, जेव्हा डाग, शाई किंवा हाताने लिहिलेल्या टिपणांचा रंग अर्थ सांगतो. नाहीतर त्याच पैशांत आणखी एका पत्राची फाइल होते.

‘शोधता येईल’ असे गृहीत धरणे

छपाईचे झिजलेले खिळे, जुन्या वळणाचे अ आणि झ, एकमेकांत घुसलेली जोडाक्षरे यांमुळे मराठी ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरे संगणकाने ओळखणे, अडखळते. अक्षरे नीट ओळखली तरी १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचा मजकूर ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरांत’ असा असतो. ‘नाही’ टंकून तो सापडत नाही. शोधयंत्रणेत अनुस्वार दुर्लक्षित करायची सोय मागा. ओसीआर वाईट येते म्हणून पत्र वगळू नका. स्कॅन चांगले असेल तर ओसीआर पाच वर्षांनी पुन्हा करता येते.

हक्कांचा विचार शेवटी करणे

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, निनावी मजकुराला प्रकाशनानंतर ६० वर्षे संरक्षण असते; दोन्ही मुदती पुढच्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. १९६० ची निनावी बातमी २०२० संपताना मुक्त झाली. त्याच पानावर आचार्य अत्रे यांचा सहीचा लेख असेल तर तो २०२९ अखेरपर्यंत संरक्षित आहे, कारण ते १९६९ मध्ये गेले. म्हणून ‘अमुक सालापूर्वीचे सगळे मोकळे’ अशी सरसकट रेघ ओढू नका. सार्वजनिक, बिनव्यापारी ग्रंथालयाने स्वतःकडच्या कागदी प्रतीची जतनासाठी डिजिटल प्रत करणे कायद्याने मान्य आहे. ती इंटरनेटवर टाकणे हा वेगळा प्रश्न. चालू संस्थेचे पत्र असेल तर लेखी परवानगी निवडीच्या टप्प्यावरच घ्या.

कंत्राटाआधीची चाचणी

यादी पक्की झाल्यावर तिच्यातली सगळ्यात अवघड २०० पाने आधी करून घ्या: फिकट छपाई, घट्ट शिवण, छायाचित्रे, तुटके कोपरे. चांगली पाने चाचणीला देऊ नका. दर पानाचा ठरवा, पण पैसे तपासून मान्य केलेल्या पानाचे द्या. फाइलचे नाव पत्राचे लघुनाव, वर्ष-महिना-दिवस, पान क्रमांक या क्रमाने, रोमन अक्षरांत आणि आकड्यांत ठेवा, म्हणजे कोणत्याही संगणकावर ती आपोआप तारखेने लागते. गहाळ पानाच्या जागी ‘पान नाही’ असे लिहिलेली चिठ्ठी स्कॅन करून घाला, नाहीतर पान मुळात नव्हते की स्कॅन करताना सुटले, हे पुढे कोणालाच सांगता येणार नाही. आणि काम संपल्यावर खंड त्याच कपाटात, आम्लविरहित कागदात गुंडाळून, आडवे परत ठेवायचे. ‘आता स्कॅन आहेच’ म्हणून ते रद्दीत देण्याचा ठराव कार्यकारिणीपुढे येऊ शकतो, त्यामुळे मूळ प्रती जपण्याची अट देणगीच्या करारातच लिहून घ्या.