दारू सोडवायला दवाखान्यात नेण्यापूर्वीची तयारी

सकाळी उठल्याबरोबर प्यावी लागणाऱ्या माणसाला भरती करायचे ठरले, की घरचे लोक आधी पिशवी भरतात. आधार कार्ड, कपडे आणि जुन्या चिठ्ठ्या त्यात टाकाव्यात. त्याबद्दल अधिक सांगायला नको. त्याआधी एका कागदावर शेवटची दारू कोणत्या तारखेला, किती वाजता घेतली ते लिहावे. मागच्या खेपेला नेमके हेच राहिले. बायकोने काल सायंकाळ सांगितली, भावाने परवा, आणि ज्याला विचारायचे तो घामाने भिजून थरथरत बसला होता.

ही वेळ डॉक्टरांना एवढ्यासाठी हवी असते, की रोजची दारू तुटल्यावर साधारण सहा-आठ तासांत हात कापू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होऊन नसलेली माणसे किंवा किडे दिसू लागतात, ताप चढतो, वेळेवर उपचार न झाल्यास जीवही जातो. म्हणून निघण्याच्या दोन दिवस आधी देवळात नेऊन शपथ घालू नये आणि घरच्या घरी दारू एकदम बंद पाडू नये. शपथ उपचारानंतरही घालता येते. पूर्वी सोडताना फिट आली असेल तर तेही वेळेच्या खालीच लिहावे, कारण ती पुन्हा येण्याचा धोका अधिक असतो.

किती पितो, हे त्याच्या तोंडच्या हिशेबावर सोडू नये. गोठ्यात कुटाराखाली दडवलेले रिकामे पव्वे मोजले तर खरा आकडा कळतो. मोहाची किंवा हातभट्टीची असेल तर तिची तीव्रता कोणालाच ठाऊक नसते, तेव्हा ग्लास किती आणि पहिला ग्लास किती वाजता, एवढे लिहावे. वर्ध्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी असल्याने तिकडचे लोक हे सांगायला कचरतात. पण डॉक्टर औषधाचा डोस ठरवण्यासाठी विचारत असतात, पोलिसांसाठी नव्हे. कावीळ, रक्ताची उलटी किंवा पोट फुगणे झाले असेल तर तेही लपवू नये.

अशक्तपणा आला म्हणून जाता जाता गावात ग्लुकोजची सलाईन लावून घेण्याची सवय फार वाईट आहे. अनेक वर्षे पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, कमी पडलेले असते, आणि ते न देता ग्लुकोज चढवले तर मेंदूला इजा होऊ शकते. भाजीत गुपचूप कालवायच्या गोळ्या आणि भुकट्यांचेही तेच. दारू सोडवण्यासाठी देतात ती डायसल्फिरामची गोळी अंगात असताना दारू पोटात गेली तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. ती गोळी माणसाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीतच द्यायची असते.

सोबतीला स्वतः न पिणारा माणूस द्यावा, साळा पीत असेल तर साळा नको. कागद सोबत्याच्या खिशात आहे ना, ते निघताना पुन्हा पाहावे, आणि वाटेत दारू घेतली गेली तर वेळ खोडून नवी लिहावी. कापूस वेचणीला लागल्यावर नेऊ नये, अर्ध्यातून परत येतो. मात्र फिट आली किंवा माणूस बरळू लागला तर हंगाम आणि कागद दोन्ही बाजूला ठेवून १०८ ला फोन करावा.

घरी आल्यावरचे थोडक्यात. गोळ्या बायकोने किंवा आईने आपल्या ताब्यात ठेवाव्यात. झोप काही आठवडे लागत नाही, त्यावर कोणाच्या सांगण्याने झोपेची गोळी आणू नये. नालट्रेक्सोनसारखी ओढ कमी करणारी औषधे असतात, ती डॉक्टरांकडे मागून घ्यावीत. यकृत खराब असेल तर आधी सांगावे. बाजाराच्या दिवशी मजुरी त्याच्या हातात देऊ नये आणि पोळ्याच्या करीला त्याला एकटे सोडू नये. पुन्हा प्यायला तर ओरडण्याआधी १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या, फुकट क्रमांकावर विचारावे, आणि वेळ लिहून ठेवावी.