ताडपत्रीखालच्या मुलांचं शाळेत नाव घालताना

दिवाळी सरली की आमच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, चिरेखाणींची (जांभा दगड कापायच्या खाणींची) यंत्रं पुन्हा घरघरायला लागतात. विजापूरकडची माणसं येतात, कातळावर बांबू उभे राहतात, निळ्या ताडपत्र्या ताणल्या जातात. त्याच सुमारास आंब्याच्या बागांतल्या मांगरांत, म्हणजे राखणीच्या खोपट्यांत, नेपाळी राखणदारांचे संसार लागतात. तिकडे उत्तरेला रायगडात कातकरी कुटुंबं वाडी सोडून वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर निघतात. या सगळ्यांबरोबर मुलं असतात. शाळेचं पहिलं सत्र तोवर संपलेलं असतं, म्हणून मुलाला घेऊन कुणी आलंच तर "आता जूनमध्ये या" असं सांगायची रीत पडून गेली आहे. जूनमध्ये पाऊस लागतो, खाण बंद होते, आंबा संपतो, आणि ते मूल इथे नसतंच.

मी रत्नागिरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. या मुलांचं नाव घालायला जाताना मी जी तयारी करते ती इथे लिहिते आहे. शिक्षकच हवा असं नाही. अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे सदस्य, बागेच्या गडग्यापलीकडे दिवसभर हिंडणारी मुलं बघून ज्याच्या पोटात तुटतं असं कुणीही हे करू शकेल.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की धरा. मूल ज्या दिवशी तुमच्या गावात आहे, त्या दिवशी तुमच्या गावच्या शाळेवर त्याचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलासाठी तो आहे, घर असलेल्यांसाठीच नाही. प्रवेशाची मुदत उलटून गेली तरी प्रवेश नाकारता येत नाही, असं कलम 15 सांगतं. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल हे बघणं स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे, असं कलम 9 मध्ये लिहिलेलं आहे. ही दोन आणि पुढे येणारी 4, 5 आणि 14 ही कलमं मराठीत एका पानावर छापून घ्या आणि ते पान वहीत ठेवा. भांडायला नव्हे. मुख्याध्यापकांना वर उत्तर द्यावं लागतं, तेव्हा त्यांच्याही हातात काहीतरी असावं म्हणून.

वस्तीवर जायचं ते बाजाराच्या दिवशी किंवा संध्याकाळी, चुली पेटल्यावर. दिवसा फक्त मुलं असतात आणि ती अनोळखी माणसाला बघून पळतात. आधी मुकादमाला भेटा. शाळा म्हटलं की त्याला बालमजुरीची तपासणी आठवते, आणि मग "इथं पोरं नाहीतच बाई" असं ऐकावं लागतं, मागे चार पोरं उभी असली तरी. मी कुणाची तक्रार करायला आलेली नाही, मुलांचं नाव घालायला आले आहे, हे त्याला पहिल्या पाच मिनिटांत कळू द्या. पहिल्या फेरीत फॉर्म काढू नका. नुसतं बसा, चहा देतील तो प्या, आणि इतकंच विचारा: कुठून आलात, किती दिवस आहात, पुढे कुठे जाणार, गावाकडे शाळेत नाव होतं का. "किती दिवस" याचं उत्तर सगळ्यांत महत्त्वाचं.

दुसऱ्या फेरीत बघायचं ते कडेवरचं मूल. नऊ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही, तर वर्षाचा भाऊ तिच्या कडेवर असतो आणि आईबाप खाणीत असतात. मुलीचं नाव घालाल, पण भावाची सोय केली नाही तर ती चौथ्या दिवसापासून येणार नाही. तीन ते सहा वयाचं भावंड असेल तर त्याच दिवशी त्याला अंगणवाडीत घाला, शाळेची आणि अंगणवाडीची फेरी एकच करा. तीन वर्षांच्या आतलं मूल मात्र अंगणवाडी दिवसभर सांभाळत नाही, त्याचा फक्त आहार घरी मिळतो. इथे खरी कसोटी लागते. आमच्याकडे एका खाणीवर स्वयंपाकाला एक बाई झोपडीतच थांबायची. तिघी आयांनी तिच्याशी बोलून बाळं तिच्यापाशी ठेवली आणि त्या वर्षी दोन मुली मार्चपर्यंत शाळेत आल्या. असं जमेपर्यंत मुलगी बाळाला घेऊन वर्गात आली तर येऊ द्या. बाळ रडेल, चार दिवस वर्गाचं लक्ष उडेल. मुलगी घरी बसण्यापेक्षा ते पुष्कळ बरं.

मग वय. यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवते. जन्माचा दाखला नसतो, आणि कलम 14 प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. दवाखान्याची किंवा अंगणवाडीची नोंद चालते, तीही नसेल तर आईवडिलांनी लिहून दिलेलं चालतं. पण आईवडिलांना साल सांगता येत नाही, आणि मग आपल्याकडे गुरुजींच्या हातून 1 जून ही तारीख पडते. महाराष्ट्रात कितीतरी माणसांचा वाढदिवस असा 1 जूनला आहे. दाखलखारीज रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांच्या नोंदवहीत, तारीख अंकी आणि अक्षरी लिहिली जाते आणि पुढे जन्मभर तीच चालते, बदलायची म्हटली तर हेलपाटे संपत नाहीत. म्हणून थोडी खटपट करा. मी मोठ्या घटना धरून विचारते. निसर्ग वादळ 3 जून 2020 चं, तौक्ते मे 2021 चं, चिपळूणचा पूर जुलै 2021 चा. बाहेरून आलेल्यांना लॉकडाऊन विचारावा, नेपाळी आईला 2015 चा भूकंप. एका आईला मी विचारलं, लॉकडाऊनमध्ये गावी चालत गेलात तेव्हा हा कुठे होता? ती म्हणाली, "पाठीवर, बाई. ह्याला दात येत होते, माझा खांदा चावायचा." मग सणाकडे वळले. ह्याच्या बाळंतपणात नागपंचमी आली होती का? "बाळंत झाले होते, न्हाण व्हायचं होतं," ती म्हणाली. म्हणजे जन्म 2019 च्या जुलै-ऑगस्टमधला. एवढं हाताशी आलं तर 1 जून का लिहायचा?

नावाचंही तसंच. हाक मारायचं नाव आणि खरं नाव वेगळं असतं, कन्नड किंवा नेपाळी नाव आपण कानाला गोड लागेल तसं मराठी करून टाकतो, आणि पुढच्या गावच्या शाळेत ती मुलगी वेगळीच ठरते. नाव आईकडून दोनदा म्हणवून घ्या, लिहून वाचून दाखवा. कुणाकडे रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र असेल तर आडनाव त्यातलंच घ्या. जातीच्या रकान्यात अंदाजाने काही लिहू नका. कातकरी मुलांच्या बाबतीत ही नोंद पुढे जातीच्या दाखल्याला पुरावा म्हणून लागते, ती चुकली तर त्या मुलाचं मोठेपणी नुकसान आहे.

आधार नसणं हे प्रवेश नाकारायचं कारण होऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 च्या निकालात शालेय प्रवेशासाठी आधार सक्तीचं नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. आधीच्या शाळेचा दाखला नाही किंवा यायला उशीर होतो आहे, तरीही कलम 5 प्रमाणे प्रवेश थांबत नाही. हा मुद्दा मी मुद्दाम पुढे धरते. काही वर्षांपूर्वी पाचवीत बसण्याजोग्या एका मुलीला एका शाळेने दाखला आणायला परत पाठवलं. तिचं गाव दीडशे मैलांवर, बापाचा रोज बुडणार, तो गेलाच नाही. ती मुलगी त्या वर्षी पाणी भरत राहिली. मला हे कळलं तेव्हा एप्रिल लागला होता.

पण मुख्याध्यापकांची बाजूही समजून घ्या. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरणं, आधार जुळलेल्या पटावर होते, त्यामुळे आधार नसलेलं मूल पटावर घेऊन शाळेला काय मिळणार, आणि ते मार्चमध्ये निघून गेलं की शाळाबाह्य म्हणून नोंद आपल्याच माथी, ही धास्ती खरी आहे. म्हणून एकटं जाऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीतला एखादा पालक आणि जमलं तर आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख बरोबर घ्या. तालुक्यात बालरक्षक म्हणून शाळेबाहेरच्या मुलांना शाळेत आणायचं काम करणारे शिक्षक असतील तर त्यांना आधी फोन करा, ही वाट त्यांनी चाललेली असते. कोकणात पटसंख्या घसरून वाड्यावाड्यांवरच्या शाळा बंद पडायला आल्या आहेत. सहा नवी मुलं आली तर दुपारी वर्ग भरलेला दिसेल, हे प्रेमाने सांगून बघा.

शाळा कोणती ते ठरवताना नकाशावर विसंबू नका. नियमाने पहिली ते पाचवीला एक किलोमीटर, सहावी ते आठवीला तीन किलोमीटर. पण खाणीपासून शाळेपर्यंतची वाट मुलाबरोबर एकदा स्वतः चाला. मध्ये डंपरचा रस्ता आहे का, ओढ्यावरच्या साकवाला कठडा आहे का, कुत्री कुठे बसतात, हे चालल्याशिवाय कळत नाही.

इयत्तेच्या बाबतीत माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली. अकरा वर्षांच्या मुलीला अक्षरओळख नव्हती म्हणून मी तिला पहिलीत बसवलं. सहा वर्षांच्या मुलांत ती गुडघे पोटाशी घेऊन आठ दिवस बसली आणि नंतर आलीच नाही. कलम 4 म्हणतं की मुलाला वयानुरूप वर्गातच घ्यायचं आणि बरोबरीने विशेष प्रशिक्षण द्यायचं. किमान तीन महिने, गरज असेल तर दोन वर्षांपर्यंत. चौदा वर्षं उलटली तरी आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत पुरं करता येतं. म्हणून पाचवीच्या वयाची मुलगी पाचवीतच बसेल, वाचायला शिकवायचं काम आपलं. तिच्या शेजारी बसायला बोलकी, समजूतदार मुलगी आधी हेरून ठेवा. हिशेबात ही मुलं बहुधा पुढे असतात, बाजारात पैसे तीच मोजतात. पहिल्या आठवड्यात गणितानेच सुरुवात करा, वर्गासमोर तिला एखादं उत्तर बरोबर देऊ द्या.

पहिल्या दिवसाच्या पिशवीत गणवेश नसला तरी चालेल, पुस्तकं शाळा देते, गणवेशही मागाहून मिळतो. एक वही, दोन पेन्सिली, पाण्याची बाटली आणि ताट. ताट विसरू नका. काही शाळांत पोषण आहाराला मुलं आपापलं ताट आणतात. माझ्या वर्गात एका मुलाला पहिल्या दिवशी ताट नव्हतं. खिचडी वाढायची वेळ झाली तसा तो हळूच उठून हातपाय धुवायच्या नळापाशी गेला आणि सगळ्यांचं जेवण होईपर्यंत पाणी पीत राहिला. आता माझ्या कपाटात चार स्टीलची ताटं कायम असतात.

तोंडी नकार मिळाला तर लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी मागितल्यावर नकारच मागे घेतला जातो. नाहीच घेतला तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या, पोच घ्या, आणि कलम 32 खालची तक्रार आहे असं त्यात लिहा. मूल एकटंच असेल, कुणी मोठं माणूसच नसेल, तर 1098 वर फोन करा, ते बाल कल्याण समितीपर्यंत पोचवतात. आईबाप आहेत, फक्त घर नाही, अशा मुलाला मात्र त्यांच्यापासून तोडायची भाषा कुणी करू लागलं तर तिथेच थांबवा. ताडपत्रीखाली त्याची आई आहे.

शेवटची तयारी एप्रिलमधली. खाण कधी बंद होणार ते मुकादमाला महिनाभर आधी विचारा, कारण मुलं सांगून जात नाहीत, एका रात्री टेम्पो भरतो. त्याआधी शिक्षण हमी पत्रक, म्हणजे पुढच्या गावच्या शाळेत दाखवायचा कागद, भरून, सही-शिक्क्यासह आईच्या हातात गेलं पाहिजे. मी प्रत्येक घराला जाड प्लॅस्टिकचं पाकीट देते. त्यात हमी पत्रक, रजिस्टरमधल्या त्या ओळीची झेरॉक्स, विद्यार्थी क्रमांक, मुलाचा फोटो आणि माझा फोन नंबर. पाकिटाला वरच्या कोपऱ्यात भोक पाडून सुतळी बांधून द्यायची, म्हणजे ते झोपडीत बांबूला टांगता येतं, पावसात जमिनीवर राहत नाही. पुढचं गाव ठरलेलं असेल तर तिथल्या शाळेचा नंबर शोधून आपणच फोन करायचा, मूल कोणत्या तारखेला पोचेल ते सांगायचं, आणि त्या तारखेनंतर आठ दिवसांनी पुन्हा विचारायचं, आलं का म्हणून.