समुपदेशकाकडे मूल पाठवायचं, पण वर्गाला कळू न देता

तास चालू असताना शिपाई दारात येऊन मोठ्यानं सांगतो, "अमक्याला समुपदेशक मॅडमनी बोलावलंय." सगळ्या माना वळतात. मधल्या सुट्टीत "याला येरवड्याला पाठवा रे" सुरू होतं. (मुंबईकडे ठाणे, विदर्भात नागपूर. जवळचं मनोरुग्णालय जिथं, त्या गावाचं नाव.) ते मूल पुन्हा त्या खोलीकडे फिरकत नाही, आणि बघणारीही धडा घेतात.

म्हणून निरोप बंद चिठ्ठीतून द्या आणि त्यात फक्त "कार्यालयात भेट" एवढंच लिहा. जूनमध्येच समुपदेशकानं आठवी ते दहावीच्या प्रत्येक मुलाला दहा मिनिटं भेटावं. सगळेच जाऊन आले की तिथं जाण्याची खूण उरत नाही. मोबाइल सापडला किंवा मारामारी झाली म्हणून त्याच खोलीत धाडणं मात्र थांबवा. नाहीतर ती शिक्षेची खोली ठरते.

डबा तसाच परत जातो, खेळायला उतरत नाही, वर्गात झोप लागते, गैरहजेरी वाढते, असं दोन आठवडे टिकलं तर स्वतःहून बोला. दिसलं तेवढंच सांगा: "गेले काही दिवस तू डबा उघडत नाहीस. काय चाललंय?" मग गप्प राहा. शिक्षकांना हेच सर्वांत जड जातं; मनात दहा आकडे मोजा. "तुला कशाची कमी आहे?" म्हटलं की बोलणं तिथंच संपतं.

"कुणालाच सांगणार नाही" असा शब्द देऊ नका. लैंगिक अत्याचार कळला तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आधीच सांगा: "हे वर्गात जाणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर मदत बोलवावीच लागेल." शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि प्रगतिपुस्तकात यातलं अक्षरही नको.

"जगून काय करू" असं काही कानावर आलं तर सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर "हो" असेल तर मुलाला क्षणभरही एकटं सोडू नका. पालकांना त्याच दिवशी बोलवा, मुलाला त्यांच्या हाती द्या आणि फवारणीचं औषध, गोळ्या कुलपात ठेवायला सांगा. धोका समोर दिसत असेल तर 108. एरवी 14416 वर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलते; पालकांसमोरच फोन लावून द्या.

पालकांची खरी भीती "लोक काय म्हणतील" आणि मुलगी असेल तर लग्न. त्यामुळे आजाराच्या नावानं नव्हे, झोप आणि जेवण यांपासून सुरुवात करा. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचंय हे मात्र लपवू नका. देवऋषीवरून वाद घालत बसू नका. मुलाला इजा होईल असं काही करायचं नाही आणि डॉक्टरांची तारीख चुकवायची नाही, या दोनच अटी घाला. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात तपासणी होते. 10 ते 19 वयासाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिकही असतात.

मूल सुट्टीवरून परतलं की वर्गाला एवढंच सांगा, "त्याला बरं नव्हतं." पहिल्या आठवड्यात चाचणी नको, फळ्यासमोर उभं करणं नको. बसायची जागा जुनीच ठेवा.