पुण्यात बसून एडमंटनचा अख्खा सीझन कसा धरावा

आधी हिशेब, मग खेळ. एनएचएल ही अमेरिका-कॅनडातली बर्फावरच्या हॉकीची लीग. संघ 32. ऑक्टोबर ते एप्रिल प्रत्येक संघाचे 82 सामने, आणि मग प्लेऑफ म्हणजे बाद फेऱ्या, त्या पार जूनपर्यंत. वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड, मधल्या सुट्ट्या धरून एक सामना अडीच तासांचा. पोटापाण्याचा उद्योग असलेल्या माणसाने सगळे बघायचे ठरवले तर घरचेच बॅग भरून देतील. त्यामुळे माझी पद्धत अशी: एकच संघ धरायचा, त्याचा सीझन वहीत ठेवायचा आणि बघायचे ते निवडक सामने.

संघ कोणता धरायचा? बहुतेक लोक जर्सीचा रंग बघून धरतात आणि डिसेंबरपर्यंत सोडून देतात. तुम्ही घड्याळ बघून धरा. थंडीच्या दिवसांत टोरांटो, बॉस्टन, न्यूयॉर्ककडचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. कॅनडाच्या पश्चिमेकडच्या एडमंटनचा सकाळी साडेसातला. लॉस एंजेलिसचा साडेआठला. म्हणजे दहाला ऑफिस गाठणाऱ्याला पूर्वेकडचा संघ बरा, आठपर्यंत मोकळा होतो. सकाळी तळजाईवर जाणाऱ्यांना तो जमणार नाही, त्यांनी आधीच ठरवावं काय सोडायचं ते.

माझा धंदा पेपर टाकायचा. एरंडवण्यात लाइन आहे. साडेतीनला उठायचं, सेंटरवर गठ्ठे सोडायचे, पुरवण्या भरायच्या, पोरं निघाली की मी स्वतः दुचाकीवर. सात-सव्वासातला हात मोकळे. पूर्वेकडचा संघ घेतला असता तर अर्धा सामना लोकांच्या जिन्यांत गेला असता. एडमंटन ऑइलर्स नेमका बसतो: चहा हातात येतो आणि तिकडे पक, म्हणजे खेळायची चकती, पडतो. भाचा तिथे नोकरीला आहे हेही कारण आहे, पण तो स्वतः मॅच बघत नाही.

घड्याळाची एक गोम लक्षात ठेवा. आपलं घड्याळ बारा महिने एकच. तिकडे ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. वर दिलेल्या वेळा नोव्हेंबर ते मार्चच्या. ऑक्टोबरमध्ये आणि मार्चनंतर सगळं एक तास अलीकडे धरा, म्हणजे टोरांटो साडेचारला, एडमंटन साडेसहाला. शिवाय ‘सात वाजता’ म्हणजे प्रत्यक्षात सातला खेळ सुरू होत नाही, पाच-दहा मिनिटं इकडची तिकडची होतात. आणि वहीत तारीख तिकडचीच लिहा. आपल्याकडे रविवार सकाळ असते तेव्हा तिकडे शनिवारची रात्र चालू असते, वेळापत्रकात सामना शनिवारी दिसतो. दोन्ही तारखा मिसळल्या की महिन्याभरात वहीचा विचका होतो.

शनिवारची रात्र हा कॅनडात हॉकीचा खास वार. आमच्यासाठी मात्र रविवार सकाळ म्हणजे सगळ्यात जाड पेपर. पुरवण्या, जाहिरातींची पत्रकं, सगळं हाताने भरायचं. त्या वेळी टोरांटोचा सामना मी फक्त कानाने घेतो, एका कानात इअरफोन घालून. इंग्रजी कॉमेंट्री झेपत नसेल तर पंजाबी ऐकून बघा. चेष्टा नाही. कॅनडात 2008 पासून ‘हॉकी नाइट’ या शनिवारच्या कार्यक्रमाची पंजाबी कॉमेंट्री होते. हरनारायण सिंग हा त्यातला मोठा आवाज, एडमंटनच्याच अल्बर्टा प्रांतात जन्मलेला. 2016 च्या फायनलमध्ये पिट्सबर्गच्या निक बोनीनोने गोल केला तेव्हा या पठ्ठ्याने ‘बोनीनो, बोनीनो’ असा जो सपाटा लावला, त्याची क्लिप एकदा शोधून ऐकाच. हिंदी सिनेमावर वाढलेल्या माणसाला निम्मं तरी समजतं.

आता वही. साधी शंभर पानी चालते. प्रत्येक सामन्याला एक ओळ: तारीख, समोर कोण, घरी की बाहेर, स्कोअर, गोलकीपर कोण होता, आणि गुण. गुणांची पद्धत आपल्या डोक्याला थोडी वेगळी. जिंकलं की 2. साठ मिनिटांत हरलं की 0. पण बरोबरी होऊन ओव्हरटाइममध्ये (जादा वेळेत) किंवा शूटआउटमध्ये (एकेकाने गोलकीपरसमोर मारायच्या फटक्यांत) हरलं, तरी 1 मिळतो. म्हणून संघाचा हिशेब तीन आकड्यांत लिहितात. 49-27-6 म्हणजे 49 विजय, 27 साधे पराभव, 6 गुण देणारे पराभव. एकूण 104.

प्लेऑफमध्ये जायला 95 च्या आसपास गुण झाले की साधारण निभावतं. 82 सामन्यांत 95, म्हणजे दहा सामन्यांत साडेअकराच्या जरा वर. मी 12 धरतो. वहीत दर दहा ओळींखाली लाल रेघ मारा आणि शेजारी मिळालेले गुण लिहा. 12 च्या वर असाल तर शांतपणे कामाला जा. दोन रेघा लागोपाठ 9-10 वर थांबल्या तर काहीतरी बिघडलंय. एकेका पराभवावर डोकं पिकवू नका, हा खेळ तसा नाही. चांगला संघही वर्षात पंचवीस-तीसदा हरतो.

वर दिलेला 49-27-6 हा आकडा ऑइलर्सचाच, 2023-24 चा, आणि रेघ कशी वाचायची हे शिकायला याहून चांगला सीझन नाही. पहिल्या 13 सामन्यांत 3-9-1. गुण 7. माझ्या हिशेबाने पंधरा-सोळा हवे होते. 12 नोव्हेंबरला कोच जे वुडक्रॉफ्टला घरी पाठवलं आणि क्रिस नॉब्लॉकला आणलं. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारी संपेपर्यंत सलग 16 सामने जिंकले. लीगचा विक्रम 17 चा, पिट्सबर्गने 1993 मध्ये केलेला. सतरावा सामना फेब्रुवारीत लास व्हेगासला होता, तो गेला. पण नीट बघा: त्या 13 नंतरच्या 69 सामन्यांत 97 गुण. पहिल्या रेघेवर संघ सोडला असता तर पुढची सगळी मजा हुकली असती.

सामना बघताना काय बघायचं? सुरुवातीला पक दिसतच नाही. तीन इंच व्यासाची, इंचभर जाड रबराची चकती, तीही सामन्याआधी गोठवलेली म्हणजे उसळू नये. तिच्यामागे डोळे पळवू नका. माणसं बघा. गोलकीपर धरून सहा जण बर्फावर, आणि बाकीचे खेळाडू पाऊण मिनिटात बदलतात, खेळ चालू असतानाच, कठड्यावरून उड्या टाकत. कोण दमून परत येतोय आणि समोरचा ताजा आहे की नाही, इथेच निम्मे गोल ठरतात. दोन नियम पुरे आहेत. समोरच्यांच्या निळ्या रेषेपलीकडे पक आधी गेला पाहिजे, माणूस नंतर. आणि आपल्या अर्ध्यातून पक सरळ पलीकडच्या गोलरेषेपार भिरकावला तर खेळ थांबतो. बाकीचं आपोआप कळत जातं. खडकीने धनराज पिल्ले दिला, हॉकी पुण्याला परकी नाही. स्टिकचं काम कळणाऱ्याला हात लवकर ओळखू येतात.

काम करता करता बघत असाल तर एकच नेम ठेवा: शिट्टी वाजून कुणी दोन मिनिटांसाठी बाहेर बसला की मान वर करा. समोर एक माणूस कमी, याला पॉवर प्ले म्हणतात. ऑइलर्सने 2022-23 मध्ये आपल्या पॉवर प्लेंपैकी 32.4 टक्क्यांवर गोल केले, तो लीगचा विक्रम झाला. जवळजवळ तीनात एक! कॉनर मॅकडेव्हिड आणि जर्मनीचा लिऑन ड्रायसाइटल यांच्या हातात पक असताना चहाचा कप खाली ठेवावा हे उत्तम.

लागोपाठ दोन रात्री सामने असले की दुसऱ्या दिवशी बहुधा राखीव गोलकीपर उभा असतो, ही गोष्ट ओळ लिहिताना ध्यानात घ्या. जखमींच्या बातम्यांवर फार विसंबू नका. तिकडचे संघ ‘वरच्या अंगाला दुखापत’ किंवा ‘खालच्या अंगाला’ एवढंच सांगतात. इतकी मोघम बातमी आमच्या पेपरात आली तर सदाशिव पेठेतून संपादकाला पत्र जाईल. मार्चच्या सुरुवातीला खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते, तो आठवडा बातम्या वाचा, सामने चुकले तरी चालतील.

एप्रिलमध्ये मात्र वही बाजूला ठेवायची. 16 संघ, चार फेऱ्या, प्रत्येक फेरी सातात चार जिंकण्याची. शूटआउट नाही; बरोबरी झाली तर गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटं खेळत राहायचं. इथे जमतील तेवढे सामने बघा आणि दुकानात, ऑफिसात काय सांगायचं ते आधी ठरवून ठेवा.

2024 च्या फायनलमध्ये ऑइलर्स फ्लोरिडा पँथर्सपुढे 0-3 ने मागे होते. चौथा सामना 8-1 ने काढला, मग 5-3, मग 5-1. सातवा 24 जूनच्या रात्री, म्हणजे आपल्याकडे 25 तारखेला, मंगळवारी पहाटे साडेपाचला. आदल्या रात्री टी-ट्वेंटी विश्वचषकात रोहित शर्माने ऑस्ट्रेलियाला 92 धावा झोडल्या होत्या, ती मॅच मध्यरात्रीपर्यंत चालली, त्यामुळे गठ्ठे उशिरा आले. पहिल्या पानावर रोहित, कानात एडमंटन, आणि गिऱ्हाइकांचे फोन, पेपर कुठाय. ऑइलर्स 2-1 ने हरले. प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब हरलेल्या मॅकडेव्हिडला मिळाला, आणि तो घ्यायला तो बाहेर आलाच नाही. पुढच्या वर्षी, 2025 मध्ये, पुन्हा तोच प्रतिस्पर्धी आणि पुन्हा पराभव, या वेळी सहा सामन्यांत.

जूनअखेर नव्या पोरांची निवड होते, 1 जुलैला करार संपलेले खेळाडू मोकळे होतात. तेवढ्या बातम्या वाचून झाल्या की सप्टेंबरपर्यंत सुट्टी. नवी वही आणाल तेव्हा एक बदल करा: 2026-27 पासून प्रत्येक संघाचे सामने 84 होणार आहेत. दोन ओळी जास्त आखा, आणि माझी 95 ची खूण 97 वर न्या.